बाबू, ‘काही नाही ना?’चं उत्तर आता मिळणार नाही

प्रिय बाबू,

तू हो म्हणालास म्हणूनच हे पत्र छापायला देते आहे. नाव-गाव घालणार नाही असं कबूल केलं होतं, ते पाळलं आहे. गोंदिया जिल्ह्यात धान खरेदी केंद्रांवर ग्रेडरचं काम करणारे पुष्कळ आहेत, त्यातला तू कोणता ते कुणाला कळायचं नाही. आणि तुझ्यासारखे घाबरणारेही काही थोडे नाहीत. त्यांच्या घरच्यांनी वाचावं म्हणून हा खटाटोप.

मुद्द्याचं आधी सांगते. येत्या सोमवारपासून तू फोन करून ‘ताई, छातीत डावीकडे काहीतरी होऊन राहिलं, काही नाही ना?’ असं विचारलंस, तर मी उत्तर देणार नाही. ‘काही नाही रे’ म्हणणार नाही, ‘गॅस असेल’ म्हणणार नाही, ‘ईसीजीचा फोटो पाठव’ असंही म्हणणार नाही. वहिनीही म्हणणार नाही. आईला समजवायला वेळ लागेल, पण तिलाही तयार करते. हे रागाने चाललेलं नाही. डॉक्टरांसमोर बसून आपण सगळ्यांनी मिळून ठरवलं तेव्हा तूही मान हलवलीस. पण तुझा चेहरा परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखा झाला होता. बाहेर आल्यावर तू वहिनीला म्हणालास म्हणे, ‘ताईनेही हात वर केले.’ म्हणून एवढं सविस्तर लिहिते आहे.

तुला जे होतं ते खरं असतं, याबद्दल मला शंका नाही. धडधड खरी, बोटांतल्या मुंग्या खऱ्या, छाती आवळल्यासारखी वाटते तेही खरं. भीती वाटली की अंगात ॲड्रेनलिन सुटतं, नाडी पळते, श्वास उथळ आणि भरभर होतो. श्वास असा झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. मग बोटं बधिर होतात, ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. बरगड्यांमधले स्नायू जास्त राबले की दुखतात. त्यात तू दिवसभर तीच एक जागा बोटाने दाबून पाहतोस. कुणाचीही बरगडी इतकी दाबली तर ठणकेलच. तेव्हा ‘वहम आहे’, ‘नाटकं आहेत’ म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नकोस. काकाजी तर म्हणाले, ‘चार दिवस रोवणीला उभा करा, सारं बरं होते.’ त्यांना बोलू दे. नोकरीत असताना वॉर्डात हे बोलणं मी फार ऐकलं आहे, आणि त्याने बरा झालेला माणूस मला एकही आठवत नाही.

नवल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. सिकलसेल आठवून बघ. आपल्या विदर्भात हा आजार कुणाला नवा नाही. लग्नाआधी तू तपासणी केलीस, आधी सोल्युबिलिटी, मग खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस, आणि कागदावर ‘एएस’ आलं. म्हणजे वाहक. वहिनीची केली, ती ‘एए’ निघाली. तुला एकदा बसवून सांगितलं की वाहकाचा पुढे रोगी होत नाही, आणि जोडीदार ‘एए’ असेल तर लेकरांना सिकलसेलचा आजार होत नाही, फार तर ती वाहक होतील. तू ऐकलंस, कागद कपाटात ठेवलास आणि लग्नाच्या पत्रिका वाटायला निघालास. पुढे १ जुलै २०२३ला शहडोलहून केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांना तपासायचं ठरलं, तेव्हा गावातली पोरं गोळा करून शिबिराला नेणारा तूच होतास. जे खरोखर तुझ्या रक्तात आहे त्याची तुला भीती नाही. ज्या हृदयाला दर डॉक्टराने चांगलं म्हटलं, त्याने मात्र तुझी झोप उडवली आहे.

बाबूजी हृदयविकाराने गेले त्या रात्री तू त्यांच्या उशाशी होतास आणि मी ड्यूटीवर. त्यावर इथे लिहीत नाही. ते तुझं तुझ्या डॉक्टरांशी बोलणं चालू आहे, तिथेच राहू दे. त्यानंतर २०२१चा एप्रिल आला, घरात ऑक्सिमीटर आलं, आणि करोना गेला तरी ते तुझ्या शर्टाच्या खिशातून गेलं नाही. वर मोबाइलवर ते लग्नात नाचता नाचता कोसळणाऱ्या पोरांचे व्हिडिओ. एक पाहिला की मोबाइल त्याच जातीचे आणखी दहा पुढे करतो. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, पण आता मनाच्या मदतीला हे यंत्रही आलं आहे.

मागच्या वेळी आले तेव्हा तुझी फाइल मी पहिल्यांदा पानन्‌पान पाहिली. साडीच्या दुकानाच्या पिशवीतली ती फाइल. ईसीजीचा कागद उष्णतेवर छापला जातो, काही काळाने त्याच्या रेघा उडतात. म्हणून तू प्रत्येक पट्टीची झेरॉक्स काढलीस, वर तारीख घातलीस, आणि मागच्या बाजूला पेनाने डॉक्टरांचं म्हणणं लिहून ठेवलंस. ‘नॉर्मल.’ ‘नॉर्मल, टेन्शन घेऊ नका.’ आणि एका झेरॉक्सच्या मागे, बारीक अक्षरात, ‘नॉर्मल म्हणाले, पण जरा थांबून म्हणाले.’ त्या डॉक्टरांना कदाचित शिंक येत असेल रे! पण त्या एका ‘जरा थांबून’वर तू नागपूरची गाडी धरलीस.

पहिल्या टू-डी इकोनंतर तू दोन महिने मजेत होतास. टीएमटीचा दिलासा त्याहून लवकर आटला. आता माझं ‘काही नाही रे’ संध्याकाळच्या जेवणापर्यंतही पुरत नाही. तुझ्या लक्षात आलंय का, दर वेळी औषध तेच आणि गुण मात्र कमी-कमी वेळ? कारण त्या उत्तराने तुझं डोकं दोन गोष्टी शिकतं. पहिली, मघाशी खरंच संकट होतं आणि ताईने विचारपूस केली म्हणून टळलं. दुसरी, विचारल्याशिवाय ही भीती उतरतच नाही. पुढची कळ आली की डोकं आपोआप फोनकडे हात नेतं. ब्रिटनमधल्या पॉल साल्कोव्हस्किस आणि हिलरी वॉर्विक या दोघांनी १९८६ सालीच लिहून ठेवलं आहे, की आजाराच्या अशा भीतीत वारंवार दिला जाणारा दिलासाच भीतीला जिवंत ठेवतो. तपासण्यांचंही तेच. रोल्फ आणि बर्टन यांनी २०१३ साली १४ अभ्यास एकत्र मांडून पाहिले, सगळे मिळून ३८२८ रुग्ण. गंभीर आजाराची शक्यता मुळातच कमी असताना केलेल्या तपासण्यांनी त्या लोकांची काळजी जवळपास हललीच नव्हती. रिपोर्ट नॉर्मल आला, आणि माणूस घाबरलेलाच राहिला.

तुझ्या कामाचंच बघ. शेतकरी बारदाना घेऊन येतो, तू पोत्यात नळी खुपसून मूठभर धान काढतोस, ओलाव्याच्या मशीनमध्ये टाकतोस, आकडा १७च्या आत आला की पोतं काट्यावर. तेच पोतं तू संध्याकाळपर्यंत सात वेळा मोजत नाहीस. ‘साहेब, नक्की ना?’ असं शेतकऱ्याने पुन्हा पुन्हा विचारल्याने ओलावा कमी-जास्त होत नाही. आणि त्या पोत्यात एकही दाणा काळा नाही याची हमी तू कधी मागितली आहेस का? मूठभरावरून तू निवाडा करतोस, थोड्या डागी दाण्यांची मुभा नियमातच आहे, आणि तेवढ्यावर गोदामंच्या गोदामं भरतात. स्वतःच्या छातीच्या बाबतीत मात्र तुला दाण्यादाण्याची खात्री हवी. ती कुणीच देऊ शकत नाही. मीही नाही, नागपूरचा मोठ्यात मोठा हृदयरोगतज्ज्ञही नाही. ‘तुला उद्या काहीही होणार नाही’ हे वाक्य खरेपणाने म्हणता येईल असा माणूस जगात नाही, आणि तुला नेमकं तेच वाक्य ऐकायचं असतं. ते थोडंसं अधांतरी राहणं सोसायला शिकणं, हाच उपचार आहे.

तो ‘फुल बॉडी चेकअप’ तेवढा रद्द कर. वर्तमानपत्रात पत्रक घालून सत्तर-सत्तर तपासण्या स्वस्तात विकतात, त्याचा मला तर संताप येतो. बहुतेक तपासण्यांची ‘नॉर्मल’ची हद्द अशी आखलेली असते की निरोगी माणसांतले ९५ टक्के तिच्या आत यावेत. म्हणजे पाच टक्के धडधाकट माणसं बाहेर पडणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या, तर ठणठणीत माणसाचाही एखादा तरी आकडा ठळक अक्षरात छापून येण्याची शक्यता ६४ टक्के होते. सत्तरांत काय होत असेल ते तूच मांड, तुझं गणित माझ्याहून चांगलं आहे. मग त्या एका ठळक आकड्यामागे तू महिनाभर धावणार.

बरं, प्रश्न काही नेहमी प्रश्नासारखा येत नाही, हे मी वहिनीलाही सांगितलं आहे. तू ‘काही नाही ना?’ विचारायचं सोडशील आणि म्हणशील, ‘आज जरा जडच वाटते,’ आणि तिच्या तोंडाकडे पाहत बसशील. ती ‘काही नसेल’ म्हणेपर्यंत तू तिथून उठणार नाहीस. कधी नाडी धरायला माझ्याकडे हात पुढे करशील आणि नाडीपेक्षा माझ्या भुवया बघशील. कधी औषधाच्या दुकानातल्या पोराला ‘माझ्या मित्राला असं होते’ म्हणून विचारशील. गुगलला रात्री एक वाजता विचारतोस ते निराळंच. आणि आईने मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकणं, ती तडतडली की तुझं ‘आता बरं वाटते’ म्हणणं, आणि माझं बीपीचं मशीन तुझ्या दंडाला गुंडाळणं, ही दोन्ही कामं एकाच जातीची आहेत. आई प्रेमानेच करते. पण काम एकच.

मग सोमवारपासून काय? तू फोन कर, हवा तेव्हा कर. मी उचलणार. तो प्रश्न आला की माझं वाक्य ठरलेलं आहे: ‘बाबू, हा आपला तो प्रश्न आहे, याचं उत्तर द्यायचं नाही असं ठरलंय. भीती दहापैकी किती आहे ते सांग.’ तू आठ म्हणालास की मी ‘बरं’ म्हणेन आणि छोटीने शाळेत काय दिवे लावले ते विचारेन. तुला राग येईल, तो मला चालेल. थोड्या वेळाने पुन्हा आकडा विचारेन. तू बघ, उत्तर न मिळताही तो उतरतो. लगेच नाही, सरळही नाही. पण भीतीला कायम आठवर राहता येत नाही, शरीरच तिला तेवढं पेलत नाही. हे मी सांगून तुला पटणार नाही. तुझ्या अंगानेच ते शिकायला हवं, आणि आम्ही मध्ये तोंड घालत राहिलो तर ते शिकण्याची पाळीच येत नाही. पहिले दोन-तीन आठवडे तुझे फोन वाढतील, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं आहे. आम्ही कच खाल्ली तर सगळं मुसळ केरात, कारण ‘जास्त जोर लावला की उत्तर मिळतं’ एवढंच तू शिकशील.

ऑक्सिमीटर आधी जाईल. मग नाडी बघणं. मग हळूहळू तू ज्या ज्या गोष्टी सोडून दिल्यास त्या परत: जिना चढणं, छोटीला खांद्यावर घेणं, डीजे असलेल्या वरातीत जाणं, नवेगावबांधला एकट्याने मोटारसायकलवर जाऊन येणं. महाशिवरात्रीला प्रतापगडावर तू पोरांच्या पुढे चढायचास. दोन यात्रा तू पायथ्याशी चहाच्या टपरीवर काढल्यास. तेही यादीत आहे, पण शेवटी. यादी तुझ्या हाताने लिही, सोप्यापासून अवघडाकडे.

हे काही माझ्या मनाचं शास्त्र नाही. इंग्लंडमध्ये पीटर टायरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयरोग, श्वसन, पोटविकार अशा ओपीडींतल्या रुग्णांची पाहणी केली, तेव्हा जवळपास दर पाचातल्या एकाला आजाराची अवाजवी भीती होती. त्यातल्या ४४४ जणांवर अभ्यास झाला. अर्ध्यांना नेहमीचे उपचार आणि अर्ध्यांना त्याशिवाय हीच, विचार आणि वागणं बदलायची पद्धत, मोजक्या बैठकांत शिकवली. २०१४ साली तो ‘लॅन्सेट’मध्ये आला. शिकवलेल्यांची भीती जास्त उतरली, आणि पाच वर्षांनी पाहिलं तेव्हाही तो फरक टिकून होता. मला सगळ्यात आवडलं ते हे, की शिकवणाऱ्यांमध्ये साध्या नर्सेस होत्या आणि त्यांचा गुण इतरांपेक्षा चांगला आला. एका रिटायर्ड सिस्टरला एवढं मिरवू दे.

म्हणून यासाठी तुला मुंबई-नागपूर करायची गरज नाही. गोंदियात २०१६पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ज्याला आपण अजून केटीएसच म्हणतो, तिथे मानसोपचाराची ओपीडी आहे. ज्याला तिथवर जायला लाज वाटते किंवा देवरी-सालेकसाच्या आतल्या गावातून येणं जमत नाही, त्याने १४४१६ हा टेलिमानसचा नंबर लावावा. २०२२पासून तो चालू आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. तू मात्र तिथे ‘माझ्या छातीत काही नाही ना?’ विचारायला फोन करू नकोस. तुला ओळखते मी.

गोळी सुरू केलीस ते बरं झालं. तिचा गुण यायला काही आठवडे जातात, आणि सुरुवातीला थोडी बेचैनी वाढूही शकते. त्याला घाबरून बंद करू नकोस, डॉक्टरांना सांग. पाकिटातला दुष्परिणामांचा बारीक अक्षरांचा कागद वहिनीने काढून ठेवला आहे. शोधू नकोस.

आता तू जो प्रश्न डॉक्टरांना दारातून परत फिरून विचारलास, तो. ‘आणि खरंच झालं तर?’ रास्त प्रश्न आहे. फ्रान्समधला मोलिएर हा नाटककार १६७३ साली स्वतःच्याच नाटकात स्वतःला रोगी समजणाऱ्या माणसाचं काम करत होता. चौथ्या प्रयोगात तो खरोखर कोसळला आणि त्याच रात्री गेला. घाबरट माणसालाही आजार होतो, हे मी नाकारत नाही. बाबूजींमुळे तुझी जोखीम इतरांपेक्षा थोडी जास्तही आहे. म्हणून एकच डॉक्टर, वर्षातून एकदा ठरलेल्या तारखेला बीपी, साखर, कोलेस्टेरॉल. छातीत कळ आली म्हणून नाही, तारीख आली म्हणून. आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर जी तीन लक्षणं लिहून दिली आहेत, चालताना छाती भरून येऊन थांबल्यावर कमी होणं, पंधरा मिनिटं न हटणारं आणि हाताकडे-जबड्याकडे जाणारं दुखणं, शुद्ध हरपणं, त्यातलं काही झालं तर मला फोन करायचाच नाही. १०८ लावायचा. त्या चिठ्ठीत नाही ते सगळं आपल्या ‘त्या प्रश्ना’त मोडतं.

आणि खर्रा. बाबू, मागे ईसीजीच्या रांगेत तू गालात खर्रा धरून उभा होतास! तंबाखूने नाडी वाढते, रक्तवाहिन्या आकसतात, आणि तू त्याच वाढलेल्या नाडीची खात्री करून घ्यायला पैसे भरत होतास. हृदयाची काळजी घ्यायचीच असेल तर तिथून घे. तिथे मी पाहिजे तेवढी बोलेन, रोज बोलेन, तुला नको होईपर्यंत बोलेन.

वहिनीला वेगळं लिहिलं आहे, ते ती दाखवणार नाही, मागूही नकोस. एवढं लक्षात ठेव की तिला हे तुझ्याहून जड जाणार आहे. आजवर ‘काही नाही हो’ म्हटलं की निदान दोन तास घर शांत व्हायचं. आता तिने गप्प राहायचं आणि तुझी घुसमट समोर बघायची. त्या दिवसांत तिच्यावर डाफरू नकोस, डाफरायचं तर मला फोन कर.

रविवारी सकाळच्या गाडीने येते. स्टेशनवर घ्यायला तूच ये, मोटारसायकलवर. ऑक्सिमीटर आणि बीपीचं मशीन एका पिशवीत घालून तयार ठेव, तुमच्या आशाताईंशी बोलले आहे, त्यांना ते गावात कामाला येईल. जुन्या ईसीजींचं काय करायचं ते जेवण झाल्यावर ठरवू. आईला सांग, मला वडाभात चालेल, पण तेल बेताने.

तुझी,
ताई